केसाळ मांजरीचा जाहीर सत्कार

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. इंग्रज लोक सुरवंटाला 'कॅटरपिलर' म्हणतात ना, तो शब्द त्यांचा नाहीच मुळी. आमचा आहे! आमचा म्हणजे अख्ख्या फ्रान्सचा नव्हे. पॅरिसवाल्यांनी उगाच पुढे येऊन गळ्यात हार घालून घेऊ नये. तो आम्हा नॉर्मंडीवाल्यांचा. आमच्याकडची जुनी माणसं सुरवंटाला 'कातप्लोझ' म्हणतात. 'कात' म्हणजे मांजर आणि 'प्लोझ' म्हणजे केसाळ. केसाळ मांजर! आमचे पूर्वज समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकायला गेले, तेव्हा तिकडे तलवारी पोचल्या, किल्ले पोचले, कर पोचले आणि मागोमाग आमचे शब्दही पोचले. त्याआधी ते बिचारे या प्राण्याला 'कोबीतला किडा' म्हणून भागवत होते. जे राष्ट्र कोबी नुसता पाण्यात उकडून खातं, त्याच्याकडून आणखी काव्याची अपेक्षा तरी काय करायची!

आमच्या ग्रोंव्हील गावात ही माहिती मला एकट्याला आहे. म्हणजे आता सगळ्यांनाच आहे. कशी झाली, तेच सांगतोय.

मी रेमों तोस्ताँ. गावातला निवृत्त औषधवाला आणि जुळ्या गावांच्या समितीचा अध्यक्ष. इंग्लंडातलं निदर वॅलिंग हे आमचं जुळं गाव. फार पूर्वी कुणीतरी दोन्ही गावांची गाठ मारून दिली आणि ती आम्ही निभावतो आहोत. एका वर्षी ते आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना चर्च दाखवतो, सफरचंदाचा घाणा दाखवतो, जेवू घालतो आणि बसमध्ये बसवून देतो. दुसऱ्या वर्षी आम्ही तिकडे जातो. ते आम्हाला चर्च दाखवतात, चहा पाजतात आणि आम्ही उपाशीपोटी परत येतो. आंतरराष्ट्रीय मैत्री यालाच म्हणतात.

तुम्ही हसाल, पण दुकान विकल्यापासून हे अध्यक्षपद एवढंच माझ्याकडे उरलं होतं. पूर्वी माझ्या काउंटरपुढे अर्धं गाव खोकत उभं असायचं. आता मला कुणी काही विचारत नाही. दोन वर्षांतून एकदा इंग्रजांची बस येते, त्या दिवशी मात्र सगळे 'तोस्ताँसाहेब, खुर्च्या कुठे?' म्हणून विचारतात, आणि मला बरं वाटतं. फार बरं वाटतं.

आणि नेमकी तीच गाठ सुटायची वेळ आली होती.

"तोस्ताँसाहेब," आमच्या मेयर लकाशो बाईंनी मला बोलावून सांगितलं, "तिकडच्या थ्रोली बाईंचा फोन होता. शनिवारी ते लोक येतायत. रविवारी सकाळी इथेच मतं घेणार. जुळेपण ठेवायचं की मोडायचं."

"मोडायचं? कारण काय म्हणे?"

"त्या म्हणाल्या, तुमचा सफरचंदाचा घाणा फारच सुंदर आहे."

"म्हणजे आवडला की!"

"अहो, इंग्रज माणूस एखाद्या गोष्टीला 'फारच सुंदर' म्हणतो, तेव्हा तो दार कुठंय ते बघत असतो. कंटाळलेत ते. यंदा काहीतरी नवीन दाखवा. नाहीतर रविवारी दुपारी तुमची समिती बरखास्त!"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "मेयरबाई, निर्धास्त राहा. मी त्यांना त्यांचाच शब्द दाखवतो!"

घरी येऊन मी बायकोला, ओदिलला, बेत सांगितला. शनिवारच्या जेवणाची जबाबदारी तिच्याकडे होती. ती सुरीला धार लावत होती. तिनं ती थांबवलीही नाही.

"शब्द? समुद्रापलीकडून माणसं बोलावायची आणि शब्द दाखवायचा? मग जेवायला काय वाढू, स्वल्पविराम?"

"नुसता शब्द नाही गं. जिवंत शब्द! टोपलीत!"

"टोपलीत काय?"

"सुरवंट. प्रत्येकानं एकेक तळहातावर घ्यायचा, त्याच्या पाठीवरून बोट फिरवायचं. की लगेच त्याला कळणार, जुन्या माणसांनी याला केसाळ मांजर का म्हटलं!"

"आणि कोण फिरवणार बोट?"

"इंग्रज. त्यांना जनावरं कुरवाळायला फार आवडतं. माणसं सोडून ते सगळं कुरवाळतात."

"मला तुझ्या टोपलीच्या जवळपासही बोलावू नकोस," ओदिल म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून हलणार नाही. नवरा म्हणून तुला पदरात घेतलं तेवढं पुरे, आणखी किडे नकोत."

कलावंताला घरातून प्रोत्साहन मिळत नाही, ते असं.

शुक्रवारी मी मेहुण्याच्या बागेत गेलो. मेहुणा म्हणजे ओदिलचा भाऊ फिर्मां. त्याची सफरचंदाची बाग आहे आणि बागेला काटेरी झुडपांचं कुंपण आहे. त्या कुंपणात रेशमी जाळ्यांची घरटी करून शेकडो सुरवंट राहत होते. काय देखणे होते! तपकिरी रंग, दोन्ही अंगांना पांढऱ्या रेघा, शेपटाकडे लाल रंगाचे दोन ठिपके आणि अंगभर दाट, मऊसूत केस. मांजरीलाही हेवा वाटावा! मी जाड कातडी हातमोजे घातले, कारण ते काटे फार वाईट, आणि दोन घरटी फांदीसकट कापून टोपलीत ठेवली.

जाताना खबरदारी म्हणून फिर्मांला विचारलंही. मी काही बेजबाबदार माणूस नाही.

"फिर्मां, हे सुरवंट निरुपद्रवी आहेत ना रे?"

फिर्मांनं टोपी मागे सारली. आभाळाकडे पाहिलं. मग कुंपणाकडे पाहिलं.

"तसं म्हटलं तर आहेत."

"म्हणजे आहेत?"

"नाहीतही म्हणता येईल."

"अरे बाबा, चावतात का?"

"चावणं असं काही नाही."

"विषारी आहेत का?"

"आता विषारी कशाला म्हणायचं, ते ज्याच्या त्याच्यावर आहे."

परक्या माणसाच्या डोक्यात यातून काही शिरलं नसतं. पण मी इथलाच. आमच्या नॉर्मंडीत 'हो' किंवा 'नाही' असं तोंडावर कुणी सांगत नाही. बांधावरून, विहिरीवरून, गायीवरून इतक्या पिढ्या कोर्टात गेल्या आहेत की आपण काय बोललो ते उद्या साक्षीत निघेल अशी भीती रक्तातच आहे. आमच्याकडे चर्चमध्ये लग्न लागतानाही पाद्रीबाबांना प्रश्न दोनदा विचारावा लागतो! तेव्हा फिर्मांच्या बोलण्यातला होकार मला स्वच्छ ऐकू आला.

आता कुणी म्हणेल, अरे, तू औषधवाला ना? तुला कळू नये? तर आमच्याकडे अशी रीत आहे की लोक रानातून अळंबी गोळा करून आणतात आणि औषधवाल्याला दाखवतात, खाऊ का म्हणून. मी जन्मभर दिसेल त्या अळंबीला 'खाऊ नका' सांगितलं. एकही माणूस दगावला नाही. पंचक्रोशीत नाव झालं. सुरवंट मात्र कुणी खायला आणलाच नाही, त्यामुळे त्या विषयाशी माझा कधी संबंध आला नाही.

शनिवारी दुपारी बस आली. बाजाराच्या छपरीखाली सगळं गाव जमलं होतं. बँड होता, झेंडे होते, टेबलावर निळ्या कापडानं झाकलेली टोपली होती आणि टोपलीमागे मी होतो. समारंभाला शोभतील म्हणून पांढरे हातमोजे घातले होते. बसमधून पहिल्या उतरल्या थ्रोली बाई. त्यांच्या समितीच्या अध्यक्ष. शाळेत मुलांना फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या, मिटलेल्या छत्रीसारख्या ताठ. आमची भाषा त्या आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात, त्यामुळे त्यांचं बोलणं कळायला आम्हाला थोडा वेळ लागतो. त्यांच्यामागे उतरले मिस्टर क्लेग. त्यांचं वर्णन करायचं तर आधी मिशांचं करावं लागेल. तांबूस, भरघोस, दोन्ही टोकांना मेण लावून वळवलेल्या! निदर वॅलिंगमध्ये त्या मिशांना स्वतंत्र मान आहे असं ऐकून होतो. बाकीचे पाहुणे मागोमाग उतरले, आणि उतरताना प्रत्येक जण घाण्याच्या दिशेनं दुःखी नजर टाकत होता.

"मंडळी, यंदा घाणा नाही!" मी जाहीर केलं. इंग्रजांनी टाळ्या वाजवल्या. अजून मी काही बोललोही नव्हतो! अशी दाद मला दुकानात कधी मिळाली नाही.

मग मी भाषण सुरू केलं. पूर्वज, समुद्र, तलवारी, कोबी, सगळं सांगितलं. थ्रोली बाई भाषांतर करत होत्या. कोबीपाशी त्यांनी थोडं गाळलं असावं. शेवटी मी कापड उडवलं आणि गरजलो, "हीच ती केसाळ मांजर! तुमचा कॅटरपिलर!"

"फारच उद्बोधक," थ्रोली बाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे असंही सांगतात की शब्दाचा शेवट 'लुटारू' या अर्थाच्या आमच्या एका जुन्या शब्दामुळे बदलला. बागा लुटतो म्हणून."

मी याचीच वाट बघत होतो!

"म्हणजे बाई, शब्द आमचा नेलात आणि वर त्यात लुटारू घुसवलात? हे म्हणजे चोरानं चोरीच्या भांड्यावर स्वतःचं नाव घालून घेण्यासारखं झालं!"

ग्रोंव्हीलकर खूश झाले. बँडवाल्यानं ढोलावर एक टोलाही दिला. तेवढ्यात क्लेगसाहेबांनी बाईंच्या कानात काहीतरी विचारलं.

"मिस्टर क्लेग विचारतायत, आजच्या फ्रेंचमध्ये याला काय म्हणतात?"

मी घसा खाकरला. "'शेनिय' म्हणतात. पण तो विषय वेगळा."

"त्याचा मूळ अर्थ?"

मी टोपलीतली फांदी सरळ करू लागलो. थ्रोली बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच गर्दीकडे वळून शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, "छोटी कुत्री."

सगळी छपरी हसली.

"ते पॅरिसवाल्यांचं!" मी ओरडलो. "ज्यांना कुत्रं आणि मांजर यातला फरक कळत नाही, त्यांच्या हाती देश आहे! चला, आता ज्यानं त्यानं स्वतः हात लावून ठरवा!"

आणि इंग्रज रांगेत उभे राहिले. त्यांना रांगेत उभं राहायला सांगावं लागत नाही. मी एकेकाच्या तळहातावर एकेक सुरवंट ठेवत गेलो. त्यांनी बोटं फिरवली. 'किती मऊ!', 'किती गोड!' असे उद्गार निघाले. एका बाईंनी तर आपल्या सुरवंटाचं नाव ठेवलं. क्लेगसाहेबांनी आपला सुरवंट वरच्या ओठावर, मिशीला लावून धरला आणि दोन्हींत जास्त केसाळ कोण ते ठरवा म्हणून फोटोला उभे राहिले. केवढा हशा! मेयरबाईंनी पाहुण्यांच्या मागे राहायचं नाही म्हणून दोन उचलले. मी समाधानानं पाहत होतो. रविवारचं मत माझ्या खिशात होतं.

त्यानंतर स्वागत. आता इथे सांगायला हवं की आमच्याकडे माणूस माणसाला भेटला की गालाला गाल लावून मुके घेतो. पलीकडच्या गावात दोन, शहरात तीन, आणि ग्रोंव्हीलमध्ये चार! कमी घेतले तर दोघांत काहीतरी बिनसलंय असा बोभाटा होतो. त्यामुळे सगळ्या गावानं सगळ्या इंग्रजांचे चार-चार मुके घेतले. मग उत्साह आला म्हणून गावानं गावाचेही घेतले. गाल, मान, हनुवटी, काही सुटलं नाही. आमचं टपालखातं इतक्या झटपट घरोघर काही पोचवू शकलं असतं, तर देश कुठल्या कुठे गेला असता!

मग बँडनं राष्ट्रगीतं सुरू केली. आधी पाहुण्यांचं. इंग्रज ताठ उभे राहिले, हात मांड्यांना चिकटवून. मधेच मी पाहिलं, तर थ्रोली बाईंच्या नाकपुड्या थरथरत होत्या. कुणाचे गाल लाल झाले होते, कुणाचे डोळे भरून आले होते. क्लेगसाहेबांची मिशी आपोआप डावीकडून उजवीकडे सरकत होती.

मी मेयरबाईंच्या कानाशी लागलो. "बघितलंत? भाषणाचा परिणाम! रडतायत ते!"

"मलाही काहीतरी होतंय हो, तोस्ताँसाहेब. इथे, मानेवर. आतून उसळून येतंय."

"अभिमान तो!" मी म्हणालो.

मग आमचं राष्ट्रगीत. आमचं म्हणजे सगळी कडवी, कारण बँडमास्तरला थांबायचं कसं ते शिकवलेलंच नाही. यंदा मात्र तो दुसऱ्या कडव्यातच थांबला आणि त्यानं हातातली काठी कॉलरमधून पाठीत घातली. मला वाटलं, नवी पद्धत असेल.

जेवण गावाच्या सभागृहात होतं. ओदिलनं मलईतले शिंपले केले होते, आणि ते तिच्यासारखे अख्ख्या किनाऱ्यावर कुणी करत नाही. पण खाण्याकडे कुणाचं लक्ष लागेना. एक पाहुणा काट्यानं कान खाजवत होता. दुसरा नॅपकिननं गळा घासत होता, पातेलं घासावं तसा. क्लेगसाहेब 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून उठले आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून, गोठ्यातली गाय जशी खांबाला अंग घासते, तसे वर-खाली होऊ लागले. चेहऱ्यावर मात्र हसू!

गंमत बघा. इंग्रज सभ्य म्हणून बोलत नव्हते आणि आमचे लोक कशातच सापडायचं नाही म्हणून बोलत नव्हते. मी थ्रोली बाईंना विचारलं, "कसं वाटतंय?"

"फारच सुंदर," त्या म्हणाल्या.

मी फिर्मांकडे गेलो. त्याचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं झालं होतं.

"फिर्मां, तुला खाजतंय का रे?"

"खाजत असावं, असं दिसतं."

आणि त्याच क्षणी मलाही डाव्या गालावर सुरू झालं! आधी मुंगी चालावी तसं. मग मुंग्यांचं लग्न असावं तसं.

मेयरबाई उठल्या. त्यांनी परिस्थितीचा बारकाईनं विचार केला, सगळ्या थाळ्यांवर नजर फिरवली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन खालच्या आवाजात विचारलं, "ओदिल, शिंपले ताजे होते ना गं?"

मी संसार केलेला माणूस आहे. मी ताबडतोब टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेलो.

"ताजे?" ओदिल डाव घेऊन बाहेर आली. "ताजे होते का? सकाळी समुद्रातून निघालेत ते! तुमच्या निवडणुकीतल्या आश्वासनांसारखे शिळे नाहीत!"

"अगं, पण सगळ्यांना अंगावर उठतंय."

"सगळ्यांना? मला उठलंय? माझ्या त्या मदतीच्या पोरींना उठलंय? सकाळपासून आम्हीच चाखतोय, सगळ्यांत जास्त आम्हीच खाल्लेत!" असं म्हणून तिनं मेयरबाईंच्याच थाळीतले शिंपले उचलले आणि सगळ्यांसमोर एकामागून एक खाऊन दाखवले. तिच्या अंगावर एक पुळी नव्हती. अख्ख्या सभागृहात तेवढाच एक गोरा चेहरा!

थ्रोली बाई उभ्या राहिल्या. निवृत्त झाली तरी शिक्षिका ती शिक्षिकाच.

"एक मिनिट. स्वयंपाकघरातल्या कुणाला त्रास नाही. बाहेर होते त्या सगळ्यांना आहे. दुपारी ते जनावर कुणी कुणी हातात घेतलं होतं? हात वर!"

सगळ्या इंग्रजांचे हात वर गेले. मेयरबाईंचे दोन्ही गेले.

"आणि या लोकांना गालाला गाल कुणी कुणी लावला?"

सगळ्या गावाचे हात वर.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत रंगवायला झालं होतं.

"फिर्मां!" ओदिल भावावर गरजली. "तुझ्या कुंपणातले ते सुरवंट. त्यांचे केस अंगाला लागले की खाज सुटते का? आणि मला आभाळ दाखवू नकोस. हो की नाही?"

फिर्मांनं टोपी मागे सारली. ओदिलनं डाव पुढे सारला. सभागृहात श्वास घेतल्याचाही आवाज नव्हता, फक्त खाजवल्याचा होता.

"...हो," फिर्मां म्हणाला.

ग्रोंव्हीलच्या इतिहासात कुणी सरळ 'हो' म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला.

"मेल्या!" मी ओरडलो. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस चावतात का. चावत नाहीत."

तुम्हाला काय सांगू, त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. रविवारचं मत गेलं होतं, समिती गेली होती, आणि मी केवढी माणसं सुजवून ठेवली होती! पण तेवढ्यात माझ्यातला जुना औषधवाला जागा झाला. केस बारीक आहेत, कातडीत रुतलेत, चोळले की आणखी रुतणार. उपटून काढायला हवेत!

"कुणी चोळू नका!" मी टेबलावर चढून ओरडलो. "चिकटपट्टी आणा! जेवढी असेल तेवढी!"

मेयरच्या कार्यालयातून पार्सलं बांधायची रुंद, खाकी चिकटपट्टी आली. रिळंच्या रिळं! मी तुकडे कापले, पट्टी गालावर बसवायची आणि झटकन ओढायची ते करून दाखवलं. आणि खरंच, खाज उतरू लागली! ज्या माणसांनी इतकी वर्षं एकमेकांशी हवापाण्यापलीकडे काही बोलणं केलं नव्हतं, ती एकमेकांच्या मानेवर पट्ट्या लावू लागली. थ्रोली बाई मेयरबाईंच्या पाठीवर, मेयरबाई त्यांच्या हनुवटीवर. फिर्मां एका इंग्रज बाईंचं कपाळ साफ करून देत होता आणि त्या 'दुखतंय का?' या प्रश्नाला चक्क 'हो, दुखतंय!' म्हणून ओरडत होत्या. जेवणाच्या मध्यावर पोटात जागा व्हावी म्हणून आम्ही सफरचंदाच्या कडक दारूचा एक पेला घेतो. त्या दिवशी तो अर्धा पोटात आणि अर्धा अंगावर गेला. लोक हसायला लागले. मीही हसायला लागलो. मला वाटलं, सावरलं सगळं.

आणि त्या आनंदात मी क्लेगसाहेबांकडे वळलो. सगळ्यांत जास्त केस त्यांच्याच ओठावर. मी मोठ्या प्रेमानं एक लांब पट्टी त्यांच्या वरच्या ओठावर, उजव्या बाजूला, बोटानं दाबून दाबून बसवली आणि झटकन ओढली.

पट्टीबरोबर सुरवंटाचे केस आले. बाकीचेही आले.

माझ्या हातात खाकी पट्टीवर तांबूस, मेण लावून वळवलेली अर्धी मिशी होती. क्लेगसाहेबांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं. त्यांनी रुमालानं डोळे टिपले आणि ते म्हणाले, "आभारी आहे."

असं 'आभारी आहे' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

रविवारी सकाळी मतदान झालं. चेहरे असे सुजलेले की कोण इंग्रज आणि कोण आपला ते कळेना. इतकं जुळेपण आमच्यात पूर्वी कधी दिसलं नव्हतं. थ्रोली बाई उभ्या राहिल्या.

"आम्ही मोडायचं ठरवूनच आलो होतो," त्या म्हणाल्या. "पण इतक्या वर्षांत कालच्या संध्याकाळी पहिल्यांदाच आम्हाला तुम्ही लोक भेटलात, असं वाटलं. तेव्हा हे जुळेपण चालू ठेवावं, असा प्रस्ताव आहे. मांडला आहे मिस्टर क्लेग यांनी."

सगळ्यांचे हात वर गेले. एकूण एक! माझे डोळे भरून आले, आणि या वेळी खरोखरच अभिमानानं. मी आभाराच्या भाषणासाठी उठलो. पूर्वज, समुद्र—

"बसा," थ्रोली बाई म्हणाल्या. "माझं संपलेलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे. तुमचा शब्द आम्ही पाहिला. आता आमचा एक शब्द मिस्टर क्लेग तुम्हाला दाखवणार आहेत. कुठला, ते सांगत नाहीत. एवढंच म्हणाले, तोस्ताँसाहेबांनी पहिल्या रांगेत बसावं, आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून यावं."

मी क्लेगसाहेबांकडे पाहिलं. ते उरलेल्या अर्ध्या मिशीत हसत होते.

बस गेल्यावर आमच्या समितीची बैठक झाली आणि नवा अध्यक्ष निवडला गेला. एकमतानं. 'असेल', 'नसेल' असं कुणीही म्हणालं नाही. हात असे सरळ वर गेले की आमचं गाव सुधारतंय की काय अशी शंका यावी.

त्याला आता वर्ष होत आलं. परवा मी ओदिलला सहज म्हणालो, "यंदा माझा गुडघा फार धरलाय गं. बसचा प्रवास काही झेपेलसं वाटत नाही."

"तुझी जागा ठरली आहे," ती म्हणाली. "ड्रायव्हरच्या मागची. अध्यक्षांचा हुकूम."

"अध्यक्षांना समजावून सांगता येणार नाही का?"

"ज्यांच्या हातचं तुला रोज दोन वेळा जेवायचंय, त्यांना तू काय समजावणार?"

शर्ट इस्त्री करून ठेवलाय. अर्ध्या बाह्यांचा.